निदानाआधी मदत: मुलांच्या थेरपीची रांग लहान कशी होते

मूल दोन वर्षांचं झालं तरी एकही शब्द बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही. किंवा नऊ महिने उलटले तरी आधाराशिवाय बसत नाही. अशा वेळी कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत पहिलं वाक्य ऐकू येतं ते असं: "हुतंय की हळूहळू. ह्येचा मामाबी लई उशिरा बोलाय लागला." हे मायेपोटीच म्हटलेलं असतं, पण त्यात सहा महिने, कधी वर्षसुद्धा निघून जातं. मग आईबाप दवाखाना गाठतात आणि तिथून पुढे खरी रांग सुरू होते.

ही रांग एकच नसते. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आधी कान तपासून घ्या. कानाच्या तपासणीला वेगळी तारीख मिळते. तिचा कागद आला की मानसशास्त्रज्ञांकडे नंबर लावायचा. तिथे निदान झालं की वाचा-उपचार, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं करायला शिकवणारी), प्रत्येकाचा केसपेपर निराळा. पुढे दिव्यांग दाखल्यासाठी बोर्डाचा दिवस, आणि शेवटी शाळेचा दरवाजा. एका खिडकीचं काम झालं की मूल दुसऱ्या खिडकीच्या रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभं राहतं. प्रत्येक रांग दोन-तीन महिन्यांची धरली तरी सगळ्या मिळून वर्ष-दीड वर्ष होतं. त्या काळात कुणीही हलगर्जीपणा केलेला नसतो. प्रत्येक जण आपापलं काम नीट करत असतो, आणि तरीही पोराच्या हाती काही पडलेलं नसतं.

आमच्या पालकगटात येणारे बहुतेक आईबाप म्हणतात, "डॉक्टरच कमी आहेत, काय करणार?" डॉक्टर आणि थेरपिस्ट कमी आहेत हे खरंच. पण रांग लांबण्याचं ते एकमेव कारण नाही. तेवढ्याच माणसांत रांग बरीच लहान करता येते आणि ती कशी, हे पालकांनाही कळायला हवं. कारण कळल्याशिवाय मागणार तरी काय?

किती मुलांची ही गोष्ट आहे

2018 मध्ये भारतातल्या पाच ठिकाणचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हरियाणातलं पलवल, हिमाचलमधलं कांगडा, ओडिशातलं ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा. दोन ते नऊ वर्षांची जवळजवळ 4 हजार मुलं तपासली गेली. त्यांत सरासरी साधारण आठातल्या एका मुलाला मेंदूच्या वाढीशी संबंधित नऊपैकी किमान एक अडचण होती. या नवांत ऑटिझम (संवादाची आणि इतरांत मिसळण्याची अडचण), सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालीत येणारी अडचण), बौद्धिक अक्षमता, अपस्मार (फिट येणं), ऐकण्याच्या, बघण्याच्या आणि बोलण्या-भाषेच्या अडचणी, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), अध्ययन अक्षमता असं सगळं येतं. अंगणवाडीच्या वयात हे प्रमाण थोडं कमी दिसतं, शाळेच्या वयात वाढतं, कारण अध्ययन अक्षमता वाचन-लेखन सुरू झाल्यावरच लक्षात येते. यातली सगळी मुलं गंभीर नसतात. बऱ्याच मुलांना थोडी मदत पुरते, मात्र ती वेळेत मिळावी लागते.

वेळेवर एवढा भर का? पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतली जोडणी ज्या वेगाने होते, तो वेग नंतर राहत नाही. काही बाबतींत तर महिने मोजावे लागतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळासाठी जगभर एक साधं वेळापत्रक मानलं जातं: एक महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र आणि उपचार. जे बाळ सहा महिन्यांऐवजी चौथ्या वर्षी ऐकायला लागतं, त्याला तेवढ्या वर्षांची भाषा मागे जाऊन भरून काढावी लागते आणि ते फार अवघड असतं.

सेरेब्रल पाल्सीचंही तसंच. पूर्वी बाळ वर्ष-दोन वर्षांचं होईपर्यंत डॉक्टर नाव द्यायला कचरत. आता बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली बघून, मज्जासंस्थेची ठरावीक तपासणी करून पाच-सहा महिन्यांच्या आतही बरंच सांगता येतं. आणि या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी 2017 मध्ये एक फार मोलाची शिफारस केली: खात्री नसेल तर "सेरेब्रल पाल्सीचा मोठा धोका" एवढं तात्पुरतं निदान लिहा आणि उपचार सुरू करा. पक्कं नाव नंतर ठरू दे.

मला वाटतं, या एका शिफारशीत सगळ्या रांगेची किल्ली आहे. आपल्याकडे क्रम उलटा लावला जातो. आधी निदान, मग दाखला, मग मदत. ज्या बाळाची मान चार महिन्यांनंतरही धरत नाही, त्याला कसं उचलायचं, कुशीवर कसं ठेवायचं, दूध कसं पाजायचं हे आईला शिकवायला कुठल्या नावाची गरज आहे? जे मूल बोलत नाही, त्याच्याशी कसं बोलायचं हे दाखवायला ऑटिझम आहे की नुसता भाषेचा उशीर, हे आधी ठरावं लागत नाही. निदान हवंच, ते नेमकंही हवं, पण ते होईपर्यंत मदत अडवून ठेवायचं कारण नाही.

रांगेचं गणित

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या असतात, ते आपल्याकडे प्रत्येकानं पाहिलेलं असतं. तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, उतारा कमी होतो. म्हणून कारखाना रोजची गाळपक्षमता बघून तोडणीचा कार्यक्रम लावतो आणि यार्डात किती गाड्या उभ्या आहेत हे रोज मोजतो. मुलांच्या थेरपीची रांग कितीशी आहे, रोज किती मुलं नव्याने येतात आणि किती बाहेर पडतात, ही मोजणीच फार कमी ठिकाणी होते. तिथून सुरुवात करू.

एक काल्पनिक केंद्र घ्या. एक वाचा-उपचारतज्ज्ञ, रोज आठ मुलं, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे आठवड्याला 40 जागा. प्रत्येक मूल आठवड्यातून दोनदा येतं, म्हणून एका वेळी 20 मुलं सामावतात. प्रत्येक मूल साधारण वर्षभर येत राहतं. म्हणजे वर्षाला नवीन मुलं घेता येतात फक्त 20. आता महिन्याला पाच नवीन मुलं येत असतील तर वर्षाला झाली 60. दर वर्षी 40 मुलं रांगेत साठत जाणार. दोन वर्षांत 80 मुलं रांगेत, आणि शेवटच्या मुलाचा नंबर लागायला 80 भागिले 20, म्हणजे चार वर्षं. दोन वर्षांचं लेकरू सहा वर्षांचं होऊन आत जाणार.

इथे थेरपिस्ट दिवसभर राबतात, एक मिनिट वाया जात नाही, तरी रांग वाढते. अशा केंद्रात जाऊन कुणाला बोल लावण्यात अर्थ नसतो.

आता तेच केंद्र थोडं वेगळं चालवू. 40 पैकी चार जागा फेरतपासणीसाठी राखून ठेवल्या. उरलेल्या 36 मध्ये 18 मुलं. प्रत्येक मुलाला 12 आठवड्यांचा एक टप्पा, आणि त्या प्रत्येक वेळी आई, बाबा किंवा आजी खोलीत बसलेली, शिकत असलेली. टप्पा संपला की घरी करायचा कार्यक्रम लिहून द्यायचा, महिन्याने फेरतपासणी, गरज असेल तर पुढे दुसरा टप्पा. सुट्ट्या वगळून वर्षात असे चार टप्पे बसतात. 18 गुणिले 4, म्हणजे 72. येणारी मुलं 60, सामावणारी 72. त्या 80 जणांच्या रांगेतल्या शेवटच्या मुलाची चार वर्षांची वाट तेरा-चौदा महिन्यांवर येते, आणि अजून एकाही माणसाची नेमणूक झालेली नाही.

साठलेले 80 जण मात्र एवढ्याने लवकर संपत नाहीत, कारण वर्षाला फक्त 12 कमी होतात. तिथे एकदाच जादा जोर लावावा लागतो. एका वर्षासाठी आणखी एक थेरपिस्ट कंत्राटावर घेतला की दोघांचे मिळून 144 होतात. जुने 80 आणि नवे 60 धरून 140. वर्षभरात रांग संपते, आणि त्यानंतर मूळचा एक माणूस ती वाढू न देता चालवू शकतो.

खऱ्या केंद्रातले आकडे इतके गोल नसतात. काही मुलांना दुसरा-तिसरा टप्पा लागतोच. पण तत्त्व हेच, आणि ते प्रत्यक्ष तपासूनही झालं आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातल्या संशोधकांनी बाह्यरुग्ण सेवांच्या आठ ठिकाणी ही पद्धत वापरून पाहिली आणि 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. आधी मोजायचं की आठवड्याला सरासरी किती नवीन रुग्ण येतात. तेवढ्या जागा दर आठवड्याला नवीन माणसांसाठी राखीव ठेवायच्या आणि त्यांना लगेच तारीख द्यायची. जुनी रांग एकदा जादा मनुष्यबळ लावून संपवायची. वाट बघण्याचा काळ साधारण एक तृतीयांशाने घटला. त्या सेवा सगळ्या मुलांच्या नव्हत्या, पण रांग कुणाची का असेना, तिचं गणित बदलत नाही.

या पद्धतीबद्दल पालकांच्या मनात एक भीती असते आणि ती रास्त आहे: टप्प्याच्या नावाखाली आमच्या मुलाला बाहेर काढतील का? तसं होता कामा नये. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या कंबरेचे सांधे वर्षानुवर्षं तपासत राहावे लागतात, नाहीतर खुबा हळूहळू सरकतो आणि दुखायला लागल्यावरच कळतं. अशा मुलांना टप्पा संपला म्हणून निरोप देणं हा अन्याय ठरेल. म्हणूनच फेरतपासणीच्या त्या चार जागांना कधीही हात लावायचा नाही. टप्पा म्हणजे सुट्टी नव्हे, पुढची तारीख हातात घेऊनच मूल घरी गेलं पाहिजे.

आईवडील शिकले तर काय होतं

बारा आठवड्यांत खरंच काही होतं का, हा पुढचा प्रश्न. इथे आपल्या शेजारच्या गोव्याचं उदाहरण आहे. गोव्यातली 'संगत' ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतले संशोधक यांनी मिळून ऑटिझम असलेल्या दोन ते नऊ वर्षांच्या 65 मुलांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. मुलाला शिकवायला तज्ज्ञ बसवले नाहीत. तज्ज्ञांनी स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवलं, कार्यकर्त्यांनी आईवडिलांना. दर पंधरा दिवसांनी एक तास, सहा महिने. आई मुलासोबत खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, तो दोघांनी मिळून बघायचा, आणि मूल काहीतरी सांगू पाहतंय तो क्षण आईला ओळखायला शिकवायचं. सहा महिन्यांनी आई-मुलाच्या संवादात फरक दिसला. आई मुलाच्या लयीला जास्त साथ द्यायला लागली आणि मूल आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करायला लागलं.

जागतिक आरोग्य संघटनेनेही दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी असाच एक कार्यक्रम तयार केला आहे: गटात नऊ सत्रं आणि घरी तीन भेटी. आठ-दहा आया एका खोलीत बसून शिकू शकतात, म्हणजे एका तासात एका मुलाऐवजी आठ-दहा घरांपर्यंत मदत पोचते. आणि त्या आयांना एकमेकींचा आधार मिळतो, तो कुठल्याही तासिकेत मोजता येत नाही. "माझ्याच नशिबात का" हा प्रश्न घेऊन आलेली बाई तिसऱ्या-चौथ्या बैठकीला दुसरीला दिलासा देताना मी पाहिली आहे.

मात्र एक सांगितलंच पाहिजे. आईला शिकवणं म्हणजे सगळं तिच्यावर ढकलणं होऊ नये. सकाळी दूध घालून, शेतात जाऊन, रात्री भाकऱ्या बडवणाऱ्या बाईला "घरी रोज दोन तास थेरपी करा" असं सांगणं निर्दयपणाचं आहे. तिच्या दिवसात जे आधीच आहे, अंघोळ, जेवण, कपडे घालणं, त्यातच शिकवणं बसलं पाहिजे. आणि वडील, आजी, आत्या यांनाही बोलावलं पाहिजे. केंद्रात बाबा आले की त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात, ही सवय बदलायला हवी.

कोल्हापूर जिल्ह्यात रांग कुठे लांबते

जिल्ह्याचा नकाशा बघा. बारा तालुके. सेवा एकवटल्या आहेत शहरात: दसरा चौकाजवळचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, खासगी थेरपी केंद्रं, शेंडा पार्कातली चेतना अपंगमती विकास संस्था आणि इतर. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून जास्त. चंदगडकरांना बेळगाव कितीतरी जवळ, पण दाखला आणि योजनांची कामं आपल्याच जिल्ह्यात होतात. आठवड्यातून दोनदा थेरपी म्हणजे आठवड्यातून दोन खाडे. इचलकरंजीत यंत्रमागावर किंवा हुपरीत चांदीच्या कामावर जाणाऱ्या माणसाला दोन खाडे परवडत नाहीत. तो एकदा येतो, दुसऱ्यांदा येत नाही, मग त्याचं नाव "अनियमित" म्हणून कापलं जातं. ती वेळ रिकामी जाते आणि त्याच वेळी बाहेर 80 जण वाट बघत असतात.

यावर दोन साधे उपाय आहेत. आदल्या दिवशी फोन करायचा: उद्या येताय ना? नसाल तर ती वेळ दुसऱ्याला देऊ, तुम्हाला पुढची देऊ. अशा आठवणीने गैरहजेरी घटते, हे वेगवेगळ्या देशांत तपासलेलं आहे. दुसरा उपाय म्हणजे एकाच दिवशी सगळं. कान, फिजिओ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, सगळे एका दिवशी, एका केसपेपरवर. लांबच्या तालुक्यांसाठी तर ठरावीक दिवस लावून टाकावा. आजरा-चंदगड-गडहिंग्लजचा एक, राधानगरी-भुदरगडचा एक, शाहूवाडी-पन्हाळ्याचा एक. त्याहून चांगलं म्हणजे महिन्यातून एकदा थेरपिस्टनीच गडहिंग्लजला जाणं.

आणि खरं तर सरकारी चौकटीत यासाठी लागणारी बरीच माणसं आधीच आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरमधून सुरू झाला. गावोगावी येणारी आरबीएसकेची गाडी ती हीच. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची, जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार आणि विकासातला उशीर या चार गोष्टी बघायच्या आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी ही रचना आहे. या केंद्रात बालरोगतज्ज्ञांपासून विशेष शिक्षकापर्यंत सगळे एका छताखाली असावेत अशी मूळ आखणी आहे. म्हणजे "एका दिवशी सगळं" ही कल्पना कागदावर आहेच, ती चालवायची आहे.

त्याआधी येते आशाताई. बाळ 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांचं झालं की तिने घरी जायचं, ही योजना 2018 पासून आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे छापलेले असतात. 2023 मध्ये केंद्राने अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी एक मार्गदर्शिका काढली, तिच्यात ओळखणं, अंगणवाडीत सामावून घेणं आणि पुढे पाठवणं असे टप्पे आहेत. मग अडतं कुठे? बहुतेक वेळा पुढे पाठवल्यानंतर. मूल पोचलं का, त्याला तारीख मिळाली का, हे परत आशाताईला किंवा अंगणवाडीच्या बाईंना कुणी सांगत नाही. चिठ्ठी दिली, वहीत नोंद झाली, काम संपलं. मूल मात्र चिठ्ठी आणि केंद्र यांच्या मधल्या रस्त्यात हरवतं. एक यादी, एक जबाबदार माणूस आणि दर पंधरवड्याला एक फोन, एवढ्याने ही गळती बरीच थांबेल.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचा विचार तर वेगळाच करावा लागेल. दिवाळीच्या आसपास बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात, चैत्राच्या आसपास परत जातात. मूळ गावच्या अंगणवाडीत तपासणी होते तेव्हा पोरगं इथल्या फडात असतं, आणि इथे पथक येतं तेव्हा त्याचं नाव कुठल्याच पटावर नसतं. त्या मुलांचा रांगेत नंबरसुद्धा लागत नाही. त्यांच्या अडचणी मोजलेल्या रांगेत दिसत नाहीत म्हणून रांग लहान दिसते, असं समाधान कुणी मानू नये. हंगामात त्यांच्या कोपीपर्यंत (झोपडीपर्यंत) जाऊन तपासणी आणि कागद सोबत देणं, जेणेकरून परत गेल्यावर तिथल्या केंद्रात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होणार नाही, एवढं तरी आपल्या जिल्ह्याने करावं.

कोणत्या मुलांनी थांबूच नये

रांग म्हणजे आलेल्या क्रमानेच आत, असं सगळीकडे चालत नाही. काही मुलांना थेट पुढे घ्यावं लागतं. येत असलेले शब्द अचानक बंद झाले. बाळ झोपेतून उठताना मान-हात एकदम पुढे झुकवून पुन्हा पुन्हा दचकल्यासारखं करतं, हे लहान बाळांतल्या एका विशिष्ट झटक्यांचं लक्षण असू शकतं आणि तिथे दिवसांनी फरक पडतो. गिळताना ठसका लागतो, वजन वाढत नाही. आवाजाला अजिबात प्रतिसाद नाही. चार महिने झाले तरी मान धरत नाही. यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना गाठा आणि काय दिसलं ते नेमक्या शब्दांत सांगा. शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात गेल्यावर मूल नेमकं तेव्हाच ते करत नाही, व्हिडिओ मात्र दाखवता येतो.

बाकीच्यांनी तारीख मिळेपर्यंत काय करायचं? सगळ्यात आधी कानांची तपासणी. ती कुणीतरी सांगेल म्हणून थांबू नका. मोबाइल-टीव्ही बंद करून मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, छोट्या वाक्यांत बोला. त्याने मागितल्याशिवाय सगळं हातात देऊ नका, एक क्षण थांबा, त्याला खुणेने का होईना मागू दे. अंगणवाडीत किंवा बालवाडीत घाला. "आधी बरं होऊ दे, मग घालू" हा विचार मुलाचं नुकसान करतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 नुसार दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवेशात भेदभाव करता येत नाही, आणि 40 टक्क्यांहून कमी नसलेलं दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात 'समग्र शिक्षा' या सरकारी शालेय योजनेतले विशेष शिक्षक असतात, शाळेमार्फत त्यांच्यापर्यंत पोचता येतं.

दाखल्याबद्दल फार गैरसमज आहे. तपासणी आणि सुरुवातीची थेरपी यांसाठी दाखल्याची वाट बघायची नसते. दाखला लागतो तो सवलतींसाठी आणि योजनांसाठी. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, 1 लाख रुपयांपर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे. तिच्यासाठी दाखला हवा. म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवायची. एक संपल्यावर दुसरं, असं करायचं नाही.

लांब रांगेचा आणखी एक धोका आहे आणि त्याबद्दल मला फार काळजी वाटते. सरकारी तारीख चार महिन्यांनी असते तेव्हा "तीन महिन्यांत मूल बोलतं करतो" म्हणणारा कुणीतरी उद्याच भेटायला तयार असतो. आईबाप दागिने मोडतात. ऑटिझमवर स्टेम सेलचे महागडे उपचार विकले जातात, पण राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने 2022 मध्येच त्यांची शिफारस करता येत नाही असं सांगितलं आहे. खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. वाचा-उपचारतज्ज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांना ही नोंदणी लागते आणि विचारल्यावर खरा थेरपिस्ट रागावत नाही.

पैसा आणि ग्रामसभा

वर्षभरासाठी जादा थेरपिस्ट, तालुक्याला महिन्याची फेरी, एसटीचं भाडं, बुडालेल्या खाड्याची भरपाई. याला पैसा कुठून? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. बऱ्याच गावांत ती वर्षाअखेरीला थोडी थोडी वाटून टाकली जाते किंवा एखादी वस्तू घेऊन संपवली जाते. ज्या कुटुंबाला ती मिळते त्याला तिचा उपयोग होतोच, ते बंद करा असं मी म्हणणार नाही. पण शेजारच्या आठ-दहा ग्रामपंचायतींनी त्यातला एक हिस्सा एकत्र केला तर आठवड्यातून एक दिवस थेरपिस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात येऊ शकतो, आणि त्या दिवशी कुणालाही कोल्हापूर गाठावं लागणार नाही.

हे ग्रामसभेत मांडता येतं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ग्रामसभा होतात. विषय आधी लेखी द्यावा लागतो, म्हणून आठ-दहा दिवस आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) अर्ज द्या. त्यात तीन गोष्टी विचारा: या वर्षी 5 टक्क्यांची रक्कम किती होती, ती कशावर खर्च झाली, आणि आरबीएसकेच्या पथकाने गावातली किती मुलं पुढे पाठवली. जिल्ह्याच्या केंद्रालाही पालकांनी मिळून तीन आकडे मागावेत: महिन्याला नवीन किती मुलं येतात, आज रांगेत किती आहेत, आणि शेवटी नंबर लागलेल्या मुलाला किती आठवडे थांबावं लागलं. इंग्लंडमध्ये ऑटिझमची तपासणी पाठवल्यापासून तीन महिन्यांत सुरू व्हावी असं मानक ठरलेलं आहे. तिथेही ते सगळीकडे पाळलं जात नाही, पण मानक असल्यामुळे किमान किती उशीर झाला हे लोकांना मोजता येतं आणि विचारता येतं. आपल्या जिल्ह्यासाठी असा आकडा जिल्हा परिषदेने आणि सीपीआरने मिळून ठरवावा. पहिली भेट सहा आठवड्यांत, आणि त्या पहिल्या भेटीतच घरी करायचं काहीतरी आईच्या हातात. अर्ज देताना दोन प्रती घ्या आणि एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या, म्हणजे पुढच्या ग्रामसभेत विषय पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागणार नाही.